गरोदरपणातल्या लसी घ्यायच्या की नाही, ठरवायचं कसं? खास पहिलटकरणींसाठी

माझ्या पहिल्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या व्हिजिटला डांग्या खोकल्याची लस देऊन टाकू," मी मान डोलावली, घरी आले, फोन उघडला आणि रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसले. सकाळी उठले तेव्हा भीती दुप्पट झालेली आणि माहिती होती तेवढीच. मग पुढच्या व्हिजिटला 'बघू नंतर', त्याच्या पुढच्या वेळी थोडी सर्दी होती म्हणून 'बघू नंतर', असं करता करता सदतिसाव्या आठवड्यात बाळच आलं आणि लस राहिली ती राहिलीच. गंमत म्हणजे मी एकदाही नाही म्हणाले नव्हते. मी काहीच ठरवलं नव्हतं, कॅलेंडरने परस्पर ठरवून टाकलं.

बाळ सुखरूप होतं, सगळं ठीक झालं, पण पहिले दोन महिने घरात कुणी खोकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्या खेपेला मी सुरुवातीलाच वही घेऊन बसले आणि ज्या पद्धतीने ठरवलं ती इथे लिहितेय. मी डॉक्टर नाहीये, तुमची हिस्ट्री तुमच्या डॉक्टरांना माहितीय, मला नाही, त्यामुळे हे वाचून त्यांना विचारायचे प्रश्न तयार करा आणि शेवटचं त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

पायरी १: 'लस' हा एकच प्रश्न नाहीये, आधी तो तोडा

"प्रेग्नन्सीत लस घ्यावी का?" असं विचारलं की उत्तर नेहमी भांडणात जातं. कारण यात चार-पाच वेगवेगळ्या लसी आहेत, प्रत्येकीचा आजार वेगळा, वेळ वेगळी, फायदा वेगळा. एकीला हो आणि दुसरीला 'आत्ता नको' असं म्हणता येतं. वहीत प्रत्येक लसीला एक ओळ द्या.

पहिला गट म्हणजे बहुतेक गरोदर बायकांना सुचवतात त्या. धनुर्वाताची टीटी किंवा टीडी, डांग्या खोकल्याची टीडॅप (हिच्यात धनुर्वात आणि घटसर्प पण असतो, म्हणजे एका सुईत तिघं), आणि फ्लूची. काही देशांत आता आरएसव्हीची (लहान बाळांच्या छातीला त्रास देणारा एक विषाणू) पण देतात, ही नवीन आहे, २०२३ मध्ये मंजूर झाली. कोविडच्या लसीबद्दलचा सल्ला देशादेशाप्रमाणे आणि वर्षावर्षाला बदलत आलाय, त्यामुळे जुनी फॉरवर्ड वाचू नका, आज काय सांगतात ते विचारा.

दुसरा गट कारण असेल तरच. म्हणजे हिपॅटायटिस बी (यकृताचा आजार), घरात कुणाला असेल किंवा तुम्ही दवाखान्यात, लॅबमध्ये काम करत असाल तर. आणि रेबीज. हे जरा ठळक लिहा, कुत्रं चावलं आणि पोटात बाळ आहे म्हणून लस टाळणं हा जिवावरचा खेळ आहे, रेबीज एकदा झाला की जवळजवळ कुणीच वाचत नाही आणि त्याची लस गरोदरपणात देतात, गरज असेल तर सोबतचं इम्युनोग्लोब्युलिन (लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन) पण देतात. तिथे ठरवण्यासारखं काही नाहीच, जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि निघायचं.

तिसरा गट आत्ता नकोच. एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्यांची, आणि नाकात फवारतात ती फ्लूची. यांच्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो म्हणून बाळंतपणापर्यंत थांबवतात. एचपीव्हीची (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) जिवंत नसते पण तीही थांबवतात, अर्धवट राहिलेले डोस बाळंतपणानंतर पूर्ण करायचे. आणि हो, प्रेग्नंट आहे हे कळायच्या आधी चुकून एमएमआर घेतली गेली तर रडत बसू नका, डॉक्टरांना सांगा. नियम म्हणून ही लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात, पण अशी चुकून घेतलेली लस हे गर्भपात करून घ्यायचं कारण धरत नाहीत.

पायरी २: प्रत्येक ओळीपुढे लिहा, ही कोणासाठी

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि माझा अर्धा गोंधळ इथे होता. मी विचार करत होते की मला कुठे डांग्या खोकला होणारे? बरोबर, आणि झाला तरी मी बहुतेक निभावून नेईन. ती लस मुख्यतः बाळासाठी आहे.

होतं असं की लस घेतल्यावर आईच्या रक्तात अँटिबॉडीज (जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, आणि वार (प्लॅसेंटा) त्यातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीज अक्षरशः ओढून बाळाकडे पाठवते, जास्तीत जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ जन्माला येतं ते हा उसना साठा घेऊन. तो काही महिन्यांत संपतो, पण तोवर बाळाच्या स्वतःच्या लसी सुरू झालेल्या असतात. बाळाचा डांग्या खोकल्याचा पहिला डोस सहा आठवड्यांनी किंवा दोन महिन्यांनी, देश कुठला त्यावर. फ्लूची लस तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देतच नाहीत. म्हणजे मधल्या काळात बाळाकडे आईने दिलेलं आहे तेवढंच.

आणि तान्ह्या बाळाचा डांग्या खोकला आपल्या डोक्यात असतो तसा नसतो. मोठ्या मुलांची ती ढास, श्वास ओढतानाचा हूप आवाज, हे काही वेळा नसतंच. बाळ दूध सोडतं, मलूल पडतं, आणि मध्येच श्वास घ्यायचंच थांबतं, ओठ निळे पडतात. आवाज नाही म्हणून लक्षातच येत नाही. २०१२ साली इंग्लंडमध्ये साथ आली तेव्हा १४ बाळं दगावली, आणि त्याच वर्षी तिथे गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात झाली. नंतर तिथल्या आकड्यांवरून दिसलं की लस घेतलेल्या आयांच्या अगदी लहान बाळांना साधारण ९० टक्के संरक्षण मिळालं. ९० म्हणजे १०० नाही हे मान्य, पण शून्याच्या मानाने बघा.

धनुर्वात दोघांसाठी. नाळ कापताना जंतू गेले की नवजात बाळाला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं याने गेली, आणि २०१८ पर्यंत हा आकडा २५ हजारांच्या आसपास आला, आयांना लस आणि स्वच्छ बाळंतपण या दोन गोष्टींनी. आपल्याला आता हा आजार दिसत नाही म्हणून लस फालतू वाटते, पण तो दिसत नाही यात तिचा मोठा हात आहे.

फ्लू मात्र आधी तुमच्यासाठी आणि मग बाळासाठी. पोट वाढतं तशी फुफ्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण असतो, इम्युनिटी पण वेगळी वागते, त्यामुळे एरवी चार दिवस झोपवणारा फ्लू इथे ॲडमिट करायला लावू शकतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत हे सगळ्यांनी बघितलं. आरएसव्हीची लस पूर्णपणे बाळासाठी, त्या विषाणूने लहान बाळांच्या छातीत बारीक नळ्या सुजतात आणि श्वास लागतो.

पायरी ३: खिडकी कधी उघडते, कधी बंद होते

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण मी इथेच आपटले. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडे टाका, तारखेसकट.

फ्लू कुठल्याही महिन्यात चालते, सीझन सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी. टीटी किंवा टीडी, आधी कधीच घेतली नसेल तर दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसरा डोस बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी, म्हणजे ही लवकर सुरू करायची. टीडॅप बऱ्याच ठिकाणी २७ ते ३६ आठवड्यांत देतात, आणि त्यातही सुरुवातीला घ्या असं सांगतात, इंग्लंडमध्ये १६ व्या आठवड्यापासूनच देतात. आरएसव्हीची अमेरिकेत ३२ ते ३६ आठवडे आणि तीही ठरावीक सीझनमध्ये, इंग्लंडमध्ये २८ पासून.

टीडॅप ३६ च्या आसपास घेऊ असं ठरवून बसाल आणि बाळ माझ्यासारखं सदतिसाव्यात आलं तर अँटिबॉडीज तयार होऊन पलीकडे पोचायला वेळच राहत नाही. जुळी असतील किंवा लवकर डिलिव्हरीची शक्यता सांगितली असेल तर हे आधीच बोलून घ्या. आणि टीडॅप दर प्रेग्नन्सीला परत घ्यायची, "मागच्या वेळी घेतली होती की" चालत नाही, कारण तुमच्या अँटिबॉडीज उतरलेल्या असतात आणि या बाळाला नवा साठा हवा.

पायरी ४: दोन्ही बाजूंचा धोका मांडा, दोन्ही म्हणजे दोन्ही

आपण काय करतो, 'लस घेतली तर काय होईल' याची लांबलचक यादी करतो आणि 'नाही घेतली तर' ची ओळ कोरी ठेवतो. ती कोरी ओळ म्हणजे शून्य धोका नाही.

घेतली तर काय होतं ते आधी. दंड दुखतो, एक-दोन दिवस, कधी लाल होतो, सुजतो. अंग दुखतं, थकवा, थोडा ताप. तीव्र ॲलर्जीची रिॲक्शन अगदी दुर्मिळ, दहा लाख डोसमागे साधारण एखादी, आणि ती झाली तर सहसा सुईनंतर काही मिनिटांतच, म्हणून तर बसवून ठेवतात.

आता खोलात जाल तेव्हा दोन गोष्टी सापडतील, मलाही सापडल्या, आणि कुणी लपवल्यासारखं वाटू नये म्हणून मीच सांगते. एक, टीडॅपबद्दलच्या काही अभ्यासांत गर्भाच्या पडद्याला इन्फेक्शन झाल्याची नोंद लस घेतलेल्यांत किंचित जास्त दिसली, पण मुदतपूर्व बाळंतपण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. दोन, आरएसव्हीच्या लसीच्या मोठ्या चाचणीत मुदतीआधी जन्मलेली बाळं लसवाल्या गटात ५.७ टक्के आणि बिनलसवाल्या गटात ४.७ टक्के होती. हा फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान होता, तरी अमेरिकेत ती ३२ आठवड्यांनंतरच द्यायची ठरवली, म्हणजे शंकेला जागाच कमी. त्याच चाचणीत बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांतला गंभीर आरएसव्ही सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. आता हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि मग विचार करा. मला तरी असं लिहिल्यावर डोकं शांत झालं.

मग येतात त्या 'तिने लस घेतली आणि आठवड्यात गर्भपात झाला' च्या गोष्टी. खोटं बोलत नसतं कुणी, झालेलंच असतं. पण हिशोब बघा, प्रेग्नन्सी कळल्यानंतर साधारण दहातल्या एक ते दोन गर्भधारणा तशाही टिकत नाहीत, लसीचा संबंध असो नसो. म्हणजे आठव्या आठवड्यात हजार बायकांनी साधं पाण्याचं इंजेक्शन घेतलं तरी त्यातल्या कित्येक जणींना पुढच्या काही दिवसांत ही वेळ येणारच, आणि प्रत्येकीला आयुष्यभर तेच इंजेक्शन आठवणार. म्हणून एकेका गोष्टीवरून कळत नाही, घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा हजारो बायका शेजारी ठेवून बघावं लागतं. फ्लू आणि टीडॅपच्या बाबतीत ते मोठ्या प्रमाणावर बघून झालंय आणि या लसींमुळे गर्भपात वाढतात असं दिसलेलं नाही. तरीही पहिल्या तीन महिन्यांत मन धजत नसेल तर टीडॅपचा प्रश्नच येत नाही, तिची वेळ पुढे आहे, उरला फ्लू, तेवढ्याचं बोला.

पाऱ्याची भीती पण फिरत असते. काही लसींच्या मोठ्या बाटल्यांमध्ये, जिच्यातून अनेकांना डोस देतात, थायोमर्सल (लस खराब होऊ नये म्हणून घातलेला, पारा असलेला पदार्थ) असतं, त्यातला पारा मोठ्या माशांमधल्या पाऱ्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे आणि शरीरातून लवकर बाहेर पडतो. तरी नको वाटलं तर एकाच डोसची भरलेली सिरिंज मिळेल का विचारा, तिच्यात सहसा नसतं.

पायरी ५: तुमचं स्वतःचं काही आहे का

छोटी पायरी, पण गाळू नका. आधी याच लसीने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने श्वास अडकण्याइतकी ॲलर्जी झालीय का, धनुर्वाताच्या किंवा फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे सिंड्रोम (हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) झाला होता का, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर आठवड्याभरात मेंदूचा त्रास झाला होता का. यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका. आज जास्त ताप असेल तर उतरेपर्यंत थांबतात. साध्या सर्दीसाठी थांबायची गरज नसते, हे मला फार उशिरा कळलं.

पायरी ६: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

'घेऊ का?' असं विचारलं की 'घ्या' येतं आणि तुम्ही होता तिथेच. त्याऐवजी मी विचारलेले हे: मला यातल्या कुठल्या कुठल्या सुचवताय आणि प्रत्येक का? माझ्या आठवड्यांप्रमाणे शेवटची तारीख कुठली? दोन एकाच दिवशी दिल्या तर चालेल का? माझ्या हिस्टरीत असं काही आहे का ज्यामुळे तुम्ही थांबाल? आणि शेवटचा, जो मला विचारायला लाज वाटत होती, तुमच्या मुलीला सांगाल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिला मीच दिली." उत्तर घाईत मिळालं तर पुढची वेळ मागा, पण तारीख घेऊनच केबिनबाहेर पडा.

एक गोंधळ इथेच मिटवते. ब्लडग्रुप निगेटिव्ह असणाऱ्यांना साधारण २८ व्या आठवड्यात जे अँटी-डी इंजेक्शन देतात ते लस नाही. ते वेगळ्या कारणासाठी असतं, लस नको ठरवलं म्हणून ते गाळायचं नाही.

पायरी ७: घरच्यांचं काय

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कुठे एवढ्या सुया घेतल्या गं?" मी वाद घातला नाही, त्यांनाच विचारलं, बाळ आलं की दिवसभर मांडीवर कोण घेणार? मग त्यांना आणि नवऱ्याला पण त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण लहान बाळाला डांग्या खोकला बहुतेक वेळा घरातल्याच कुणा खोकणाऱ्याकडून लागतो. घरच्यांनी घेतली म्हणून तुमची नको असं मात्र होत नाही, तुमच्यासारखं वारेतून कुणी काही देऊ शकत नाही.

पायरी ८: हो ठरलं तर, त्या दिवशी

उपाशी जाऊ नका. सैल बाहीचे कपडे. आणि सुई उजव्या दंडात घ्या! डाव्या कुशीवर झोपायला सांगतात ना, मी डाव्या दंडात घेतली आणि दोन रात्री ना या कुशीवर ना त्या कुशीवर, उशी दंडाखाली सरकवत नुसती जागी. सिस्टर सिरिंज भरायच्या आधी बाटलीवरचं नाव वाचायला मागा, मी वाचलं, कुणी काही रागावलं नाही, उलट त्यांनी बाटली फिरवून एक्स्पायरी पण दाखवली. आरएसव्हीच्या बाबतीत तर वाचाच, कारण त्याच आजाराची वयस्करांसाठीची वेगळ्या कंपनीची लस आहे जी गरोदरपणात द्यायची नसते आणि काही ठिकाणी अशी अदलाबदल झालेली आहे.

नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. ताप आला तर अंगावर काढू नका, गरोदरपणात जास्त ताप तसाही चांगला नाही, पॅरासिटामॉल चालते पण डोस विचारून घ्या, आयब्युप्रोफेन नको. दंडावर थंड पाण्याची घडी. ताप दोन दिवसांत उतरला नाही, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लसीमुळे की आणखी कशामुळे याचा विचार घरी बसून करू नका, फोन करा.

नाव, तारीख, बॅच नंबर फाईलमध्ये लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

पायरी ९: नाही ठरलं तर, किंवा राहूनच गेली तर

तरी कामं आहेतच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा म्हणजे ते फाईलमध्ये लिहितील आणि बाळाच्या डॉक्टरांनाही कळेल. टीडॅपची ठरलेली वेळ उलटली तरी विचारा, बऱ्याच ठिकाणी उशिरा पण देतात, आणि बाळंतपणानंतर लगेच घेतली तर बाळाला वारेतून काही मिळत नाही पण निदान तुमच्याकडून लागायची शक्यता कमी होते. फ्लूची लस घेतली नसेल आणि ताप-खोकला आला तर पहिल्या दोन दिवसांतच दाखवा, फ्लूची औषधं लवकर सुरू केली तरच नीट काम करतात. आरएसव्हीसाठी काही देशांत जन्मल्यावर बाळालाच तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळतं, ते मिळतंय का विचारून ठेवा. बाळाचे पहिले डोस एक दिवसही पुढे ढकलू नका.

बाळंतपणानंतर

तिसऱ्या गटातल्या ज्या थांबवल्या होत्या त्या आता. रुबेलाची इम्युनिटी नाही असं तपासणीत आलं असेल तर एमएमआर घरी जायच्या आधीच मागून घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता, म्हणजे ही लस पुढच्या बाळासाठी आहे, आणि पुढच्या वेळी दिवस गेल्यावर ती घेता येणार नाही. अँटी-डी घेतलं असेल तर ते आधी सांगा, त्याने एमएमआरचा परिणाम कमी होऊ शकतो, मग तीन महिन्यांनी एक रक्ततपासणी करून बघतात. ती तारीख पण कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका, बाळ झाल्यावर आपल्याला स्वतःचा वाढदिवस सुद्धा आठवत नाही.